तिचा वन्समोअर

"हा आपला सिनेमा नव्हे," डॉक्टर आगटे म्हणाले.

ते दातांचे डॉक्टर होते, आणि टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यांकडे भलतीच दाढ उपटली गेल्यासारखे बघत होते. शनिवारची दुपार होती. मिरजेच्या भाग्योदय टॉकीजच्या ऑफिसात आम्ही तिघंच होतो: डॉक्टर, मी आणि ऑपरेटर दस्तगीर. आम्ही मुंबईहून मागवला होता तो युद्धानंतरच्या इटलीतला, गरिबीवरचा एक नामांकित सिनेमा. त्यावर बोलायला डॉक्टरांनी आठवडाभर खपून भाषण तयार केलं होतं. डब्यांवर नाव मात्र दुसरंच होतं, आणि ते आमच्यापैकी कुणालाच धड वाचता येईना. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं, की चित्रपट संगीतप्रधान आहे, भाषा इटालियन आहे आणि पडद्यावर खाली भाषांतराच्या ओळी नाहीत.

"ऑपेरावाला सिनेमा!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तद्दन नाटकी प्रकार. युद्ध संपल्यावर तिकडं असले ढिगानं निघाले. उठता गाणं, बसता गाणं, मरतानासुद्धा गाणं. जाणकार माणूस त्यांचं नाव घेत नाही, नलिनीताई."

"मरताना गातात?" दस्तगीरचे डोळे चमकले. "म्हंजे संगीत नाटकच की ओ, डॉक्टरसाहेब!"

डॉक्टरांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला. पण माझ्या डोक्यात उजेड पडायचा तो पडला. महिन्याला एक सिनेमा दाखवणाऱ्या आमच्या चित्रमंडळाची मी सेक्रेटरी होते, म्हणजे बाकी सगळ्यांनी नाही म्हटल्यावर ते पद माझ्या गळ्यात पडलं होतं. शाळेत मी भूगोल शिकवायचे. इटली म्हणजे नकाशातला बूट आणि ऑलिव्हची झाडं, यापलीकडे माझी धाव नव्हती. पण मंडळ शेवटचे श्वास मोजतंय हे मला कळत होतं. मागच्या महिन्यातल्या सिनेमाला टॉकीजमध्ये माणसांपेक्षा ढेकूण जास्त होते.

"रद्द करू," डॉक्टर म्हणाले.

"रद्द केला तर मंडळ उठलंच समजा," मी म्हणाले. "त्यापेक्षा सुभद्राबाईंना बोलावू या. गाण्याचा सिनेमा आहे, त्यांचा सत्कारही करू. त्या आल्या तर अख्खी मिरज येईल."

डॉक्टर नाटकी प्रकारांना कितीही नाकं मुरडोत, शेवटी मिरजेचे होते. सुभद्राबाई गोकर्णकर म्हणजे संगीत नाटकांच्या जमान्यातल्या नामांकित गायिका-नटी; त्यांचं नाव ऐकल्यावर डॉक्टरांचा चेहरा मवाळ झाला. बाई डोळ्यांच्या ऑपरेशनासाठी मिरजेत भाचीकडे येऊन राहिल्या होत्या. ऑपरेशन नीट पार पडून नवा चष्माही आला होता.

ऑफिसातून बाहेर पडताना बाईंचा तो प्रसिद्ध फोटो मी नेहमीसारखा बघितला. हे टॉकीज पूर्वी नाटकाचं थिएटर होतं, आणि फोटो तेव्हापासून तिथं होता. नऊवारी शालू, नाकात नथ आणि उजवा हात तुळशीवृंदावनावर. नंतर नंतर बाई प्रत्येक पद त्या वृंदावनावर हात ठेवून म्हणायच्या. प्रवेश राजवाड्यातला असो की अरण्यातला, वृंदावन हजर. अरण्यात तुळस कुणी लावली, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. उलट दुसऱ्या कंपन्यांच्या नायिकाही पुढे वृंदावनं घेऊन हिंडायला लागल्या.

जुनी माणसं आणखीही एक गोष्ट सांगायची. बाईंना ऐन भरात असताना विषमज्वर झाला. त्यातून उठल्या त्या बोलताना घोगऱ्या, पण गळ्यात देव येऊन बसला. आधीचं गाणं गोड होतं, नंतरचं गाणं ऐकून माणसं घरी जायची विसरली. एका गळ्यात दोन आवाज कसे, तर म्हणे बाई गाण्यासाठी आवाज राखून ठेवतात. आमच्या गावात देवावर शंका घेतील, बाईंच्या गळ्यावर नाही.

*

बाईंना आमंत्रण देऊन घरी आले तेव्हा यमूआत्या ओसरीवर मटार सोलत बसली होती. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न मोडलं तेव्हा घरात रडत बसण्यापेक्षा ती सुभद्राबाईंच्या नाटक कंपनीत गेली. तंबोऱ्याला बसायची, असं सांगायची. कंपनी बंद पडल्यावर ती आमच्याकडे आली. आईवडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

एवढी वर्षं कंपनीत काढलेली ही बाई कधी गायची नाही. गणपतीत आरतीला टाळ्या वाजवायची, पण ओठ कुलूप लावल्यासारखे मिटलेले. मला लहानपणी तिनं नुसतं थोपटून निजवलं, अंगाई म्हणून कधी म्हटली नाही. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा मात्र न्हाणीघराच्या बंद दाराआडून मला तिचा आवाज ऐकू आला होता. चारच स्वर असतील. मी दाराला कान लावला तसे ते थांबले. तेव्हापासून ते पुढचे स्वर ऐकायची मला तहान लागली होती, अगदी खरीखुरी तहान. विचारलं की म्हणायची, "मला कुठला गळा?" एकदा फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, "शब्द दिलाय मी." कुणाला, कशाबद्दल, ते नाही.

"आत्या, उद्या सकाळी आमच्या सिनेमाला सुभद्राबाई येणार आहेत," मी चप्पल काढता काढता म्हणाले.

ती सोलत राहिली. पण दाणे सुपात आणि सालं पातेल्यात जायला लागली.

"बऱ्या आहेत का गं?" तिनं विचारलं.

"डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता दिसतं म्हणे चांगलं. तू भेटायला का गेली नाहीस इतक्या दिवसांत?"

"नाही गेले." ती पातेल्यातली सालं बघून चपापली आणि ती वेचायला लागली. "काय सिनेमा आहे?"

"इटलीतला. गाण्यांचा. भाषा कळायची नाही."

"गाण्याला भाषा कशाला लागते?" आत्या म्हणाली. "मी येते. पण मला मागं बसव हं नलू. आणि मी आलेय असं कुणाला सांगू नकोस."

*

रविवारी सकाळी टॉकीज खच्चून भरलं. तंबोरे घडवणारे आले, तबल्याला शाई भरणारे आले, गाणं शिकणाऱ्या मुली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला त्यांच्या आया आल्या. तंबोरे करणारे मैनुद्दीनचाचा इस्त्रीचा पायजमा घालून आले होते. त्यांनी घडवलेला तंबोरा बाईंच्या कंपनीत होता, ही त्यांची आयुष्याची मिळकत. ते येईल त्याला सांगत होते, "बाईंचा आवाज मी पडद्याच्या मागं उभा राहून ऐकलाय. शंभर बायका गाऊ द्यात, मी डोळे झाकून ओळखीन."

बाई आल्या तसं सगळं थिएटर उभं राहिलं. कृश झाल्या होत्या, हातात काठी होती, पण चालणं अजून रंगमंचावर प्रवेश करतानाचं होतं. डॉक्टरांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. शाल आणि नारळ मध्यंतरात द्यायचा होता. मी मागे आत्याकडे गेले. ती शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीत, डोक्यावरून पदर घेऊन बसली होती.

"पुढं चल ना. भेट तरी," मी म्हणाले.

"तिथं उजेड आहे," ती म्हणाली, आणि मला हाताला धरून शेजारी बसवलं.

डॉक्टरांनी सुरुवातीला दोन शब्द सांगितले. हा सिनेमा वास्तववादी नाही, कलात्मक नाही, नुकसानभरपाई म्हणून पुढच्या महिन्यात चांगला दाखवू, असा त्यांचा सूर होता. मग दिवे मालवले, आणि पडद्यावर एक पडलेलं नाटकाचं थिएटर आलं.

ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. छप्पर बाँबनं उडालेलं. आत खुर्च्यांच्या रांगांमध्ये गवत वाढलेलं. रंगमंचावर पाऊस पडत होता आणि एक म्हातारा झाडूनं ते पाणी प्रेक्षागृहात लोटत होता. त्याची भाषा आम्हाला कळत नव्हती, पण तो काय म्हणत होता ते सगळ्यांना कळलं. बंद पडलेल्या कंपन्या मिरजेनं पुष्कळ बघितल्या होत्या. माझ्या पुढच्या रांगेतून कुणीतरी "अरेरे" म्हटलं.

गोष्ट साधी होती. गावातली एक गाणारी. नवरा लढाईवर गेलेला, मेला अशी खबर आलेली. पांगलेली नाटकवाली माणसं एकेक करून परत येतात, आणि त्या बिनछपराच्या थिएटरात पुन्हा खेळ लावायचं ठरवतात. नवरा जिवंत असतो, पण आंधळा झालेला, आणि आपलं ओझं तिच्यावर नको म्हणून गावाबाहेर लपून राहिलेला. एवढं आम्हाला पहिल्या अर्ध्या तासात कळलं. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. डॉक्टर ज्याला तद्दन नाटकी म्हणाले होते ती आमची मातृभाषा होती.

आणि मग ते विहिरीवरचं गाणं आलं.

गावाच्या चौकात एक दगडी विहीर होती. ती बाई एकटी तिथं आली, विहिरीच्या काठावर हात ठेवला आणि गायला लागली. आधी इतकं हळू की मशीनची घरघर जास्त ऐकू येत होती. मग तो आवाज वर चढायला लागला. आमच्याकडची चढण नव्हती ती. आमच्याकडे गवई जिना चढतो, पायरीवर थांबतो, मागे वळून बघतो. हा आवाज सरळ वर गेला, आणि आता तुटणार असं वाटलं तिथं रुंद झाला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मला तो सूर कुठला, राग कोणता, काही कळत नव्हतं. फक्त एवढंच वाटलं, की जगात एवढं मोठं काही आहे आणि आपण वह्या तपासण्यात दिवस घालवतो.

आत्यानं माझं मनगट धरलं होतं. तिची बोटं रुतत होती.

"ही गात नाहीये," ती कुजबुजली.

"अगं आत्या, सिनेमात गाणारी वेगळीच असते. आपल्याकडेही तसंच असतं."

"ते ठाऊक आहे मला. आपल्याकडं गाणारी आधी गाऊन मोकळी होते आणि मग नटी ओठ हलवते. हे तसं नाही. ही गाणारी हिच्या मानेकडं बघून गातेय. बघ, हिची शीर फुगली की ती श्वास घेते. हिला धाप लागली की ती सूर आखडता घेते. कुणीतरी विहिरीत बसलंय नलू."

मला हसू आलं. पण तिच्याकडे बघितलं आणि ते विरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं.

गाणं संपलं. मग मैनुद्दीनचाचा खुर्चीतून उठले आणि सगळ्या आयुष्याच्या सवयीनं ओरडले,

"वन्समोअर!"

सिनेमा आहे, नाटक नाही, हे कुणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. पाठोपाठ अख्खं थिएटर ओरडलं. "वन्समोअर! वन्समोअर!" डॉक्टर आगटे उभे राहून हात हलवत होते. "अहो, हा चित्रपट आहे! पडद्याला कसला वन्समोअर देता?" त्यांचं कोण ऐकतो! आणि खरी गंमत वर मशीनखोलीत झाली. दस्तगीरच्या बापानं याच थिएटरात जन्मभर पडदा ओढला होता. वन्समोअर पडला की पुढचा प्रवेश थांबवायचा, हे त्याच्या घरात आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. दस्तगीरनं मशीन थांबवून दिवे लावले.

"घेतो, घेतो! जरा दम काढा!" वरच्या झरोक्यातून त्याचा आवाज आला.

त्यानं रीळ काढलं, हातानं उलटं फिरवलं, पुन्हा चढवलं. मंडळी शांतपणे वाट बघत होती, नायिका आत पाणी प्यायला गेल्यासारखी. अंधार झाला. पडद्यावर चौक आला, विहीर आली. ती बाई चालत आली आणि तिनं काठावर हात ठेवला.

तिचे ओठ हलायला लागले, पण आवाज नव्हता.

"आवाजाचा दिवा गेला की ओ!" वरून दस्तगीर कळवळला. मशीनमध्ये सिनेमाचा आवाज वाचणारा एक छोटा दिवा असतो. घाईत रीळ चढवताना दस्तगीरचं कोपर त्या दिव्याला लागलं होतं. "चित्र चालू ठिवतो, दिवा बदलतो!"

पडद्यावर ती बाई गात होती, तिची मान ताणलेली, डोळे भरलेले, आणि थिएटरात चिडीचूप शांतता. बघवत नव्हतं ते. बुडणारं माणूस काठावरून बघावं, तसं वाटत होतं.

आणि माझ्या शेजारून सूर आला.

मला आधी वाटलं दिवा लागला. मग माझं मनगट थरथरलं, कारण ते अजून आत्याच्या हातात होतं आणि तिचं सगळं अंगच गात होतं. तिचे डोळे पडद्यावर खिळलेले होते. शब्द नव्हतेच, नुसता आ-कार. चाल तिनं एकदाच ऐकली होती, ती तिला जशीच्या तशी कुठून येणार? मधल्या जागा तिच्या होत्या, मिरजेच्या होत्या. पण पडद्यावरच्या बाईनं श्वास घेतला की आत्या श्वास घेत होती. ती थबकली की ही थबकत होती. ओठ मिटायच्या आधी अर्धा क्षण सूर मिटत होता. परक्या मुलखातल्या, कधीच्या काळी छापलेल्या त्या चेहऱ्यात प्राण आले. ती बाई आमच्यासमोर, आमच्या गावात गात होती.

लहानपणी दाराआड थांबलेले ते चार स्वर मला भेटले आणि त्यांच्यामागून पुढचे सगळे आले. मी रडत होते. मला त्याची लाज वाटली नाही.

आवाज वर चढला. पुढच्या रांगांमधली डोकी कुठून आवाज येतो ते शोधत अंधारात इकडे तिकडे वळत होती. मैनुद्दीनचाचांनी मात्र मान वळवली नाही. डोळे मिटून, छातीवर हात ठेवून ते मोठ्यानं म्हणाले,

"या अल्ला. हा तर बाईंचा आवाज!"

सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या.

पडद्याच्या उजेडात, आवाजाच्या दिशेनं अर्ध्या वळलेल्या सुभद्राबाईंचा चेहरा स्पष्ट दिसत होता. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

गाणं चाललंच होतं. थिएटरातल्या एकेका माणसाला एकेक करून कळत गेलं, ते मी त्यांच्या पाठींवरून बघितलं. मलाही कळलं. बाहेर भिंतीवरचा तो फोटो, बाईंचा हात, आणि हाताखालचं ते तुळशीवृंदावन. लाकडी पट्ट्यांचं, रंगवलेलं, आतून पोकळ, एक किडकिडीत बाई अंग चोरून बसली तर मावेल एवढं.

शेवटचा सूर मिटला. दस्तगीरनं चित्र थांबवून थिएटरातले दिवे लावले. टाळी एकही वाजली नाही.

आत्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. "काय केलं मी हे!" ती म्हणत होती. "नलू, शब्द मोडला गं माझा. बाई असेतो लोकांत तोंड उघडायचं नाही म्हटलं होतं. मिरजेचे कान आहेत, आरतीतसुद्धा ओळखतील, म्हणून आरती सोडली. आणि आज... समोर तोंड हलत होतं आणि त्याला आवाज नव्हता. मला राहवेना."

पहिल्या रांगेत काठी वाजली. बाई उठल्या होत्या. डॉक्टर शाल आणि नारळ घेऊन मध्येच उभे होते, त्यांना बाईंनी काठीनंच बाजूला केलं. मधल्या वाटेनं त्या शेवटच्या रांगेपर्यंत आल्या. एवढं अंतर चालायला त्यांना बराच वेळ लागला. या बाईच्या नावावर सगळ्या मुलखानं माथा टेकला होता. ते नाव आता उघड्यावर पडलं होतं आणि ते माझ्या आत्यानं पाडलं होतं.

आत्या उभी राहिली. मान खाली. "बाई, चुकले मी."

"यमे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटका, घोगरा होता. "वर बघ."

आत्यानं वर बघितलं.

"तापातून उठले तेव्हा गळा गेला होता माझा. कंपनीत साठ माणसं जेवायची. तू म्हणालीस, बाई, तुम्ही उभ्या राहा, मी आत बसते." बाई आत्याशी बोलत होत्या, पण एकही माणूस खोकत नव्हता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू जात होतं. "लोक वन्समोअर द्यायचे. मी मान लववून घ्यायचे. दर वेळी माझ्या हाताखाली लाकूड गरम लागायचं. आत तुझा श्वास कोंडलेला असायचा गं. त्या लाकडाची ऊब अजून जात नाही माझ्या हातातून. तू शब्द दिलास आणि मी तो घेतला. परत करायची मला कधी हिंमत झाली नाही."

"असं काय बोलता, बाई..."

बाईंनी तिला थांबवलं. मग त्या सगळ्या थिएटराकडे वळल्या, काठी जमिनीवर टेकून ताठ झाल्या, आणि असेल नसेल तो आवाज एकवटून ओरडल्या,

"वन्समोअर!"

त्यानंतर जो कल्लोळ झाला तो मला लिहिता यायचा नाही. मैनुद्दीनचाचा लहान मुलासारखे रडत होते आणि टाळ्या वाजवत होते. डॉक्टर आगटे नारळ काखेत मारून टाळ्या वाजवत होते. गाणं शिकणाऱ्या मुली खुर्च्यांवर चढल्या होत्या. आत्या मध्ये उभी होती, आणि एवढ्या माणसांनी आपल्याकडे बघायचं असतं याची तिला सवय नव्हती. ती पदराशी चाळा करत होती. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. फोटोत होता तसाच, उजवा.

"आवाज आला!" वरून दस्तगीर ओरडला. "दिवा बसला! आता काय करू? पिच्चर लावू का आत्या गाणार?"

"आत्या गाणार! आत्या!" थिएटर गरजलं.

आत्यानं हात वर केला. माणसं गप्प झाली. ती खाकरली. आयुष्यात पहिल्यांदाच ती लोकांसमोर उजेडात बोलणार होती.

"मी गाईन," ती म्हणाली. "पुढं गाईन, तुम्ही म्हणाल तेव्हा." आणि ती पुढे खरंच गायली, वर्षानुवर्षं, मिरजेला पुरून उरेल एवढी. "पण आधी तुम्ही वन्समोअर दिला होता तो मला नव्हता. तो तिचा होता." तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. "मधेच मी घेतला. दुसऱ्याचा वन्समोअर आपण घेऊ नये. दस्तगीरभाई, तिथूनच लावा. तिचा तिला देऊ."

बाई आत्याच्या शेजारी, शेवटच्या रांगेतल्या त्या ढेकणांच्या खुर्चीत बसल्या. दिवे मालवले. तिसऱ्यांदा तो चौक आला, ती विहीर आली, आणि त्या कुठल्याशा गाणारीचा आवाज, नाव नसलेला, चेहरा नसलेला, सरळ वर गेला आणि तुटता तुटता रुंद झाला.

पुढे मी त्या सिनेमाचा पुष्कळ शोध घेतला. डॉक्टरांनीही घेतला. ते पुढे असल्या सिनेमांचे एवढे भक्त झाले, की दात काढून घेणाऱ्याला भुलीच्या इंजेक्शनाबरोबर त्यातल्या एखाद्या सिनेमाची गोष्ट ऐकावी लागायची. इटलीत तेव्हा असे सिनेमे किती निघाले आणि किती हरवले, याचा कुणालाच पत्ता नाही. ती गाणारी कोण होती ते आम्हाला कळलं नाही ते नाहीच.

त्या सकाळी गाणं संपलं तेव्हा टाळी कुणी आधी वाजवायची म्हणून सगळे थांबले होते. ती सुभद्राबाईंनी वाजवली. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि पडद्यावरच्या त्या देखण्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या विहिरीकडे बघून टाळ्या वाजवत होत्या.